हिरवा दिवा, उतरलेली बॅटरी

(दृश्य: बंद पडलेले सिग्नल, रुळांवर थांबलेली लोकल)

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. इमारतींच्या तळघरांत महिनोन्‌महिने नुसते उभे असलेले डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू होण्याची हीच वेळ. पण डीजी सुरू होणार की नाही, हे लाईट गेल्यावर ठरत नाही. ते आधीच्या कित्येक आठवड्यांत ठरलेलं असतं.

(दृश्य: सोसायटीची डीजी रूम, इंजिनाशेजारी लोखंडी स्टँडवर बॅटरी)

डिझेल इंजिनाला सेल्फ मारावा लागतो. तेवढ्या काही सेकंदांत स्टार्टर मोटर बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढते. लहान सेटला 12 व्होल्टची एक बॅटरी पुरते. मोठ्याला दोन जोडून 24 व्होल्ट करतात. इंजिन एकदा चालू झालं की पट्ट्यावर फिरणारा छोटा अल्टरनेटर बॅटरी परत भरतो, अगदी गाडीत असतो तसाच.

महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस होते तेव्हा डीजी रोज तासन्‌तास चालायचे, त्यामुळे बॅटरीची काळजी कुणाला करावी लागत नसे. आता शहरांत लाईट जाते ती थोडा वेळ, कधीमधी. म्हणजे वीज जितकी चांगली, तितकी बॅटरी उपाशी.

(दृश्य: एएमएफ पॅनेलचं दार उघडतं)

तिचं पोट भरतं ते इथून. हे एएमएफ पॅनेल, लाईट गेली की डीजी आपोआप सुरू करणारं. एका बाजूने महावितरणची किंवा शहरातल्या दुसऱ्या वीज कंपनीची लाईन, म्हणजे मेन्स, येते, दुसऱ्या बाजूने डीजीची. मधले दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच, इमारतीचा लोड इकडून तिकडे फिरवतात. मेन्सच्या बाजूला, कॉन्टॅक्टरच्या अलीकडे, दोन बारीक वायरी फुटतात. वाटेत एक फ्यूज किंवा छोटी एमसीबी, पुढे चार्जर. 12 व्होल्टच्या बॅटरीला तो साधारण साडेतेरा व्होल्टवर धरून ठेवतो. बॅटरीत आपोआप जी गळती होते, तेवढीच भर. जास्त दिलं तर पाण्याचे वायू होऊन उडून जातात, कमी दिलं तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि कडक होत जातो.

अमेरिकेतल्या घरांबाहेरच्या जनरेटरमध्ये चार्जर बहुधा जनरेटरच्याच पेटीत असतो. त्याला लागणारी 120 व्होल्टची वायर मात्र बऱ्याचदा ट्रान्सफर स्विचमधूनच (घराचा लोड मेन्स आणि जनरेटर यांत फिरवणारी पेटी), फ्यूज ओलांडून, अंगणापर्यंत जाते. मांडणी वेगळी, नाडी तीच.

(दृश्य: फ्यूजांची ओळ, जवळून)

आता हे दोन फ्यूज बघा. एक मेन्स आहे की नाही हे कंट्रोलरला, म्हणजे डीजी सुरू-बंद करणाऱ्या पॅनेलमधल्या मेंदूला, कळवणारा. तो उडाला तर कंट्रोलरला वाटतं लाईट गेली. डीजी धडधडत सुरू होतो, धूर निघतो, सेक्रेटरींना फोन जातो, अर्ध्या तासात वायरमन हजर. दुसरा चार्जरचा. तो उडाला तर काहीही होत नाही. पॅनेलवर मेन्सचा हिरवा दिवा तसाच जळतो, स्विच ऑटोवर असतो, सगळं आलबेल. कंट्रोलर मात्र जागा राहायला बॅटरीतून खातच असतो. समजा 100 मिलिअँपिअर. दिवसाला 2.4 अँपिअर-तास झाले. 100 अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांत निम्मी.

बऱ्याच कंट्रोलरांत लो बॅटरीचा अलार्म असतो. पण तो रात्री वाजतो, वॉचमन बटण दाबून गप्प करतो, आणि सकाळी ड्यूटी बदलते.

मग लाईट जाते. तीन वेळा सेल्फ, तिन्ही वेळा नुसती खटखट, पुढे स्क्रीनवर ‘स्टार्ट फेल’. आता फ्यूज बदलूनही फायदा नाही, कारण चार्जरला लागणारी मेन्सच गेलेली.

(दृश्य: मल्टीमीटरच्या पिना टर्मिनलवर)

तपासायला मीटर लागतो आणि पाच मिनिटं. मेन्स चालू असताना टर्मिनलवर साडेतेराच्या आसपास दिसलं तर चार्जर जिवंत आहे. बारा-साडेबाराच दिसलं तर भर येत नाही, मग दिवा कुठलाही जळो. पांढरी-हिरवी पावडर टर्मिनलवर साचली असेल, तर चार्जर ठीक असूनही सेल्फला करंट पोचत नाही. ती साफ करताना आधी चार्जर बंद करा आणि निगेटिव्हची वायर पहिली काढा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको.

खरी परीक्षा सेल्फ मारतानाच होते. एकाने मीटरवर नजर ठेवायची, दुसऱ्याने स्टार्ट दाबायचं. 12 व्होल्टची बॅटरी त्या क्षणी साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर आधी जोड घट्ट करून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घ्या. आणि नवी बसवली की त्या चार्जरच्या एमसीबीवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: ‘डीजी बॅटरी चार्जर, बंद करू नये’. रंगकाम करणारे येतात तेव्हा पहिली तीच खाली पाडतात.