ओळ संपल्यावर

[दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. पावसाने ओला झालेला रेल्वे फलाट.]

मे १९६४. इंग्लंडमधलं मँचेस्टर. विल्ब्रॅहम रोड हे स्टेशन उतारूंसाठी बंद होऊन काही वर्षं झाली होती. ग्रॅनडा टेलिव्हिजनने ते ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्यांचं लोकसंगीत) आणि गॉस्पेल (त्यांच्या चर्चमधली भक्तिगीतं) यांच्या एका कार्यक्रमापुरतं घेतलं आणि त्याचं अमेरिकेच्या दक्षिणेतलं खेड्यातलं स्टेशन करून टाकलं. खोकी रचली, कोंबड्या आणल्या, एक बकरीही आणून बांधली. श्रोते गाडीने आले. त्यांना एका फलाटावर बसवलं, गाणारे समोरच्या फलाटावर. मध्ये रूळ.

हा देखावा आज बघताना जरा कानकोंडं व्हायला होतं. दक्षिणेतल्या ज्या जिण्याला विटून ब्लूज गायक मडी वॉटर्स शिकागोला निघून आला, तेच जिणं त्याच्या मागे शोभेला मांडलेलं. पण तो बॅग हातात घेऊन चालत येतो, तोंड उघडतो, आणि मग बकरीकडे कुणाचं लक्ष राहत नाही.

मग येते गॉस्पेल गायिका सिस्टर रोझेटा थार्प. घोडागाडीतून, अंगात लांब कोट. पन्नाशीला टेकलेली बाई. पाऊस नुकताच कोसळून गेलेला, म्हणून ती नोहाच्या काळच्या पावसाचं गाणं काढते. गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार. कडवं संपल्यावर त्या गिटारवर ती जे काही करते ते ऐका. पुढे रॉक अँड रोल म्हणून जगभर जे विकलं गेलं, त्यातलं बरंचसं तिच्या बोटांत आधीपासून होतं. हे सांगायला समीक्षक कशाला हवा?

माझ्या आवडीच्या यादीत ही चित्रफीत फार वर आहे. तरी तिच्यातली एक उणीव मला दर वेळी टोचते. समोरची तरुण मंडळी टाळ्या वाजवतात, खूश दिसतात, पण उत्तर देत नाहीत. मध्ये रूळ आहेत. इंग्रजी शिष्टाचारही आहे.

ते उत्तर ऐकायचं तर शिकागोला जायला हवं.

[दृश्य: शिकागो. डोक्यावरून जाणारी लोकल. साउथ साइड या काळ्यांच्या वस्तीतल्या विटांच्या इमारती.]

आधी थोडं व्याकरण. ब्लूजचं नेहमीचं कडवं बारा बारचं असतं, आणि एक बार चार मात्रांचा. गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, मग तिसरी टाकून गोष्ट पुरी करतो. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात. शब्द मात्र दोन-अडीच बारांतच संपतात. उरलेली जागा मोकळी. तिथे गिटार बोलते, माऊथ ऑर्गन बोलतो, नाहीतर समोर बसलेला कुणीतरी "खरंय बाबा!" म्हणून ओरडतो. माझं साधं म्हणणं असं की ब्लूज आणि गॉस्पेल या दोन्हींचा जीव त्या मोकळ्या जागेत आहे. तिथे काय होतं यावरच माझी आवडनिवड ठरते.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. पियानोपाशी बसलेला तरुण.]

चर्चमध्ये हाक आणि उत्तर गुलामगिरीच्या काळापासून होतंच. त्यात ब्लूजचा पियानो आणून बसवला तो प्रामुख्याने थॉमस डॉर्सीने. जॉर्जियातल्या पाद्र्याचा हा मुलगा. 'जॉर्जिया टॉम' या नावाने तो ब्लूज गायिका मा रेनीच्या साथीला वाजवायचा. १९२८ मध्ये गिटारवाल्या टॅम्पा रेडबरोबर त्याने काढलेली एक चावट गाण्याची तबकडी धडाक्यात खपली होती. १९३२ मध्ये तो सेंट लुईसला गेला असताना इकडे बायको बाळंतपणात गेली. पाठोपाठ बाळही. त्या दुःखातून त्याने एक गाणं रचलं: देवा, माझा हात धर, मी थकलोय. मार्टिन ल्यूथर किंग यांना ते फार प्रिय होतं. १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला ते गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सनने गायलं. १९७२ मध्ये महेलिया गेली, तेव्हा तेच ॲरिथा फ्रँकलिनने गायलं.

हे सगळं आज पवित्र वाटतं. त्या काळात चर्चमधल्या प्रतिष्ठितांना मात्र ते पटणं शक्यच नव्हतं. गुत्त्यातला ठेका, आणि तो वेदीपुढे? डॉर्सीला चांगल्या चांगल्या चर्चांनी दार दाखवलं. अखेर पिल्ग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्याला कॉयर, म्हणजे चर्चचा गायकवृंद, मिळाला आणि तो तिथेच कित्येक दशकं राहिला. ही इमारत मुळात ज्यू प्रार्थनास्थळाची, ॲडलर आणि सलिव्हन या नामांकित जोडीने उभारलेली. २००६ च्या आगीत ती जळाली, भिंती तेवढ्या राहिल्या.

रोझेटाची वाट बरोबर उलटी. ती चर्चमध्ये वाढलेली, आई प्रवचन करणारी, आणि १९३८ मध्ये पोरगी गिटार घेऊन न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात उभी राहिली. चर्चची मंडळी चिडली. ती मात्र दोन्हीकडे गात राहिली.

[दृश्य: रविवार सकाळ. चर्चच्या पायऱ्या. टोप्या घातलेल्या आज्या.]

साउथ साइडच्या एका चर्चमध्ये मी पाहुणा म्हणून बसलोय. दाराशी पांढरे हातमोजे घातलेल्या बाई उभ्या असतात. त्या दाखवतील तिथे बसायचं, वाद घालायचा नाही. हातात पुठ्ठ्याचा पंखा देतात, त्याच्या मागे अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. यातला विनोद तिथे कुणालाच जाणवत नाही.

लक्ष ठेवायचं ते ऑर्गनवाल्यावर. हॅमंड बी-३. ही कंपनी मूळची शिकागोचीच. सुरांच्या दोन पट्ट्या, पायाखाली खर्जाच्या फळ्या, आणि शेजारी लेस्ली नावाची कपाटाएवढी पेटी. तिच्या आत भोंगा गरगर फिरतो म्हणून आवाज थरथरतो. बोटांजवळ एक कळ असते. ती दाबली की फिरण्याची गती वाढते आणि अंगावर काटा येतो. ऑर्गनवाला स्वतःच्या हातांकडे क्वचितच बघतो. त्याचे डोळे पास्टरवर खिळलेले.

पास्टर बोलत असतो. वाक्य संपतं, ऑर्गन एक सूर टाकतो. पुन्हा वाक्य, पुन्हा सूर. हळूहळू वाक्यं आखूड होतात, सूर जवळजवळ येतात. माणसं बोलू लागतात: "हो!" "सांगा!" "थांबू नका!" पास्टरचा आवाज चढत जातो आणि एका क्षणी लक्षात येतं की तो ऑर्गनच्या सुरात कधीच जाऊन बसलाय. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे मी टक लावून बघूनही पकडू शकलो नाही. वारकरी कीर्तनात बुवांनी चरण सोडला की टाळकरी उचलतात, तसंच हे. फक्त इथे टाळकरी म्हणजे अख्खं सभागृह.

मग कॉयर. गाण्याची खरी गंमत शेवटाला. शेवटची ओळ घट्ट धरून ठेवतात. आधी बायकांचे वरचे आवाज, मग खालचे, मग पुरुष, थर चढत जातात. सगळं अर्ध्या सुराने वर सरकतं. पुन्हा अर्ध्या सुराने. टाळी पडते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. समेची सवय असलेल्या मराठी हाताला हे कठीण जातं, पण शेजारच्या आजींचा हात बघत राहिलं की जमतं. गाणं संपतं, लोक खाली बसतात, आणि ऑर्गनवाला हळूच तीच ओळ पुन्हा छेडतो. पारदर्शक पडद्यामागचा ड्रमवाला याचीच वाट बघत असतो. पुन्हा सगळे उभे.

[दृश्य: चित्रफीत. चर्चमध्ये पियानोपाशी बसलेली ॲरिथा.]

आता माझी आवड. गॉस्पेलमध्ये पहिलं नाव ॲरिथाच्या १९७२ च्या ध्वनिमुद्रणाचं. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च, जानेवारीतल्या दोन रात्री. तेव्हा ती सोल संगीताची राणी होती, हवा तो स्टुडिओ मिळाला असता. स्टुडिओत जीव तोडून गायलं तरी समोरून हाक येत नाही. इथे ती प्रत्येक ओळीनंतर येते. दिग्दर्शक सिडनी पोलॅकने हे चित्रितही केलं, पण शॉटच्या सुरुवातीला पाटीचा क्लॅप न मारल्यामुळे आवाज आणि चित्र जुळेना. लोकांना ती फिल्म दिसली थेट २०१८ मध्ये. तिच्यात बघा: ॲरिथा पियानोवर गातेय, वडील पुढे होतात आणि रुमालाने तिचा घाम पुसतात. ती थांबत नाही. पियानोची साथ करणारा जेम्स क्लीव्हलंड, एवढा कसलेला माणूस, एका गाण्यात त्याला रडू आवरत नाही. ही दाद टाळ्यांच्या फार पलीकडची.

दुसरी आवड स्टेपल सिंगर्सची. बाप आणि मुलं. बापाने, पॉप्स स्टेपल्सने, मिसिसिपीत डॉकरीच्या कापूसमळ्यावर चार्ली पॅटनची गिटार ऐकली होती. तीच थरथरती गिटार तो देवाच्या गाण्यांत घेऊन आला. वर मुलीचा, मेव्हिसचा आवाज, इतका खालचा आणि भरदार की रेडिओवर ऐकणाऱ्यांना तो पुरुषाचा वाटायचा. १९६५ मध्ये, काळ्यांच्या मताधिकारासाठी निघालेल्या सेल्माच्या मोर्चानंतर थोड्याच दिवसांत, शिकागोच्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये त्यांनी केलेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित आहे. हेडफोन लावून ऐकलात तर मागच्या बाकांवरची माणसंसुद्धा ओळखीची होतात.

[दृश्य: रात्र. साउथ वॉबॅश रस्ता. क्लबची पाटी.]

आता शनिवारची रात्र. ब्लूजचा गायक-गिटारवादक बडी गाय, जन्म १९३६, लुइझियाना. १९५७ मध्ये शिकागोला आला. १९८९ पासून त्याचा स्वतःचा क्लब आहे आणि जानेवारीत तो तिथे स्वतः गायचा, हा इथला रिवाज. ठिपक्यांचा शर्ट, ठिपक्यांची गिटार. त्याची हातोटी मोठ्या आवाजात नाही. ऐन भरात तो गिटार एवढी खाली आणतो की ग्लासातला बर्फ ऐकू यावा. कुणी मध्येच बोललं तर मंचावरून चार शेलक्या शिव्या हासडतो, आणि लोक खूश होतात. मग वाजवत वाजवत खाली उतरतो, टेबलांमधून बारपर्यंत. पूर्वी मागे लांबलचक वायर ओढत जायचा, आता वायरलेस आहे. रोझेटाच्या फलाटावर जे रूळ होते, ते हा माणूस रोज ओलांडतो.

तक्रार एकच, आणि ती आम्हा पाहुण्यांबद्दल. पर्यटकांच्या क्लबांत आता प्रत्येक टेबलाला तेच एक शिकागोचं गाणं हवं असतं. बँडवाले ते हसतमुखाने वाजवतात, कारण बक्षिसीचा डबा समोर असतो. आणि ओळीनंतरच्या त्या मोकळ्या जागेत मोबाइल वर होतात. मोबाइल धरलेला माणूस ओरडत नाही, स्वतःचाच व्हिडिओ खराब होईल म्हणून.

म्हणून ब्लूजमधल्या माझ्या आवडी जुन्या आहेत. न्यूपोर्ट, १९६०: मडी वॉटर्स गाता गाता माऊथ ऑर्गनवाल्या जेम्स कॉटनला धरून नाचतो. शिकागोचं रीगल थिएटर, नोव्हेंबर १९६४: बी. बी. किंग एका गाण्यात बायकोला दिलेल्या भेटींचा पाढा वाचत सात मुलांपर्यंत येतो, आणि सभागृह असं उसळतं की पुढचे सूर त्या आरड्यात बुडतात. ती तबकडी मी गिटारसाठी विकत घेतली. आज ऐकतो ती किंचाळणाऱ्या बायकांसाठी.

आणि सॅम कुक. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या श्राइन सभागृहात तो सोल स्टिरर्स या गॉस्पेल मंडळीबरोबर देवाचं गातोय. १९६३ च्या जानेवारीत मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबात तोच माणूस प्रेमाचं गातोय. दोन्ही लागोपाठ लावा. शब्द बदललेत, आवाजातली खरखर तीच, समोरचा कल्लोळ तोच. मायामीचं ध्वनिमुद्रण कंपनीला फार रांगडं वाटलं. सॅमची गुळगुळीत प्रतिमा बिघडेल म्हणून ते बासनात ठेवलं, आणि १९८५ मध्ये बाहेर काढलं. तोवर सॅम कुकला जाऊन वीस वर्षं झाली होती. सगळ्यांत आवडतं एकच सांग म्हणालात, तर हे.

[दृश्य: मुंबई. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओचं फाटक.]

आपल्याकडे? महेलिया जॅक्सन १९७१ मध्ये भारतात येऊन गेली, मुंबईतही गायली, दिल्लीत इंदिरा गांधींना भेटली. त्या मैफलीला बसलेलं कुणी आज घरात असेल तर त्यांना जरूर विचारा. आणि २०११ पासून वांद्र्याला, मेहबूब खान यांच्या स्टुडिओत, फेब्रुवारीत ब्लूजचा मोठा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी बडी गाय आला. मला मात्र तिथे शिलाँगचं सोलमेट जास्त भावतं: रूडी वालांगची गिटार आणि टिप्रिती खारबांगारचा आवाज. ती ओळीनंतर थांबते, लोकांकडे बघते, उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही.

[दृश्य: शिकागो, मिलेनियम पार्क. गवतावर बसलेली माणसं.]

प्रत्यक्ष जायचं असेल तर शिकागोचा ब्लूज महोत्सव जूनमध्ये असतो, मिलेनियम पार्कात, फुकट. गवतावर सतरंजी टाकून बसता येतं. त्याला जोडून एक रविवार चर्चसाठी ठेवा. कपडे नीटनेटके, फोन खिशात, थाळी फिरेल तेव्हा त्यात काहीतरी टाका, आणि दोन तास तरी लागतील हे धरूनच नाश्ता करून निघा. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.