नकाशाचे बिल

2018 च्या मध्यापर्यंत गूगलचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर दिवसाला 25,000 वेळा दाखवला, तरी पैसे पडत नसत. नव्या दरपत्रकात महिन्याला 200 डॉलरची सूट राहिली आणि तेवढ्यात नकाशा जेमतेम 28,000 वेळा उघडू लागला; म्हणजे पूर्वी जे एका दिवसाला मिळे, त्यावर तेव्हापासून महिना काढावा लागला. शिवाय या सुटीसाठीही कार्ड जोडणे सक्तीचे झाले. शाळेच्या बसवाल्यांसाठी एकट्याने ॲप चालवणाऱ्या परळच्या एका डेव्हलपरला दरापेक्षा कार्डाचीच धास्ती अधिक होती, कारण कोडमधल्या एका चुकीने रात्रभर रिक्वेस्ट, म्हणजे ॲपने गूगलच्या सर्व्हरकडे केलेल्या मागण्या, जात राहिल्या, तर बिल डॉलरमध्ये येणार आणि बसवाल्यांनी वर्षाचे पैसे तर जूनमध्येच चुकते केलेले असतात.

हीच कोंडी 2023 मध्ये ‘अपोलो’ची, म्हणजे रेडिट हे चर्चेचे संकेतस्थळ वाचण्याच्या ॲपची, झाली. रेडिटने 1,000 रिक्वेस्टना 0.24 डॉलर हा दर 1 जुलैपासून लावायचे ठरवले आणि तो ॲपचे निर्माते ख्रिश्चन सेलिग यांना मेअखेरीस कळला. महिन्याला सुमारे 7 अब्ज रिक्वेस्ट, म्हणजे वर्षाला जवळपास 2 कोटी डॉलर. वार्षिक वर्गणी मात्र जुन्या हिशेबाने घेऊन झालेली. 30 जूनला अपोलो बंद झाले. सर्व्हर फुकट चालत नाहीत, तेव्हा कंपनीने पैसे मागण्यात गैर काही नाही. गैर आहे ती महिन्याभराची मुदत.

परळच्या ॲपमध्ये आता गूगलऐवजी ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाचा वापर आहे. त्याची माहिती श्रेय देऊन साठवता येते. मात्र त्या संस्थेचा सर्व्हर देणग्यांवर चालतो आणि जड वापरासाठी नाही, म्हणून मुंबईपुरता नकाशा भाड्याच्या सर्व्हरवर तयार करून ठेवला आहे. अडते ते पत्त्यांपाशी. पडद्यावरचा एका पालकाचा हा अर्ज पाहा: ‘चाळ नं. 4, पाण्याच्या टाकीमागे’. मोफत शोधयंत्राला ही टाकी सापडत नाही.

ऑगस्ट 2024 पासून गूगलने भारतातले दर 70 टक्क्यांपर्यंत उतरवले, तेव्हा पत्ते शोधण्यापुरती गूगलची सेवा या डेव्हलपरने पुन्हा घेतली, पण रोजच्या रिक्वेस्टची मर्यादा स्वतः बांधून. ती संपली की ॲप पालकांनाच नकाशावर बोट ठेवून घर दाखवायला सांगते.