चार पानं आणि चोवीस

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातली गल्ली, भर दुपार. खिडकीत कूलर. आत सतरंजीवर पत्ते पिसले जात आहेत.]

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळाही उरलेल्या महाराष्ट्रानंतरच उघडतात. पोरं घरात आणि दुपार संपता संपत नाही, मग पत्त्यांचा कॅट निघतोच. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट. महालातल्या या घरात मात्र सध्या ‘चोवीस’ चालू आहे.

चार पानं उघडी टाकायची. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, हवं ते करायचं, पण चारही पानं एकेकदाच वापरून चोवीस आणायचे. एक्का म्हणजे एक, गुलाम अकरा, राणी बारा, राजा तेरा. लहान मुलं असतील तर चित्रांची पानं बाजूला ठेवायची. उरलेल्या ४० पानांत खेळ छान रंगतो.

[दृश्य: पानं जवळून. चौकी, सत्ती, दोन अठ्ठ्या.]

पाचवीतली नात ओरडते, “आठ चोक बत्तीस, त्यातून आठ गेले, चोवीस!”

आतेभाऊ सोडत नाही. “अन् सत्तीचं काय करून राहिली?”

ती हात मागे घेते. एक अठ्ठी उचलून दुसरीवर ठेवते. आठ भागिले आठ, एक. सातातून एक गेला, सहा. सहा चोक चोवीस.

या दहा-बारा सेकंदांत तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते महत्त्वाचं आहे. पाढा आपण वरून खाली म्हणतो आणि उत्तर शेवटी येतं. इथे उत्तर आधीच ठरलेलं आहे. चौकी दिसली की सहा कुठून काढू, तिर्री दिसली की आठ कुठून आणू, असा शोध सुरू होतो. एक चोवीस सापडेपर्यंत मूल कितीतरी गणितं मनात करून टाकून देतं. तेवढीच गणितं वहीत लिहून दिली असती, तर पहिल्या पानावरच जांभया आल्या असत्या.

आणि चोवीसच का? १, २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४, अशा आठ संख्यांनी चोवीसला पूर्ण भाग जातो. चोवीसपेक्षा लहान एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत. त्यामुळे वाटा भरपूर. एक्क्यापासून राजापर्यंत चार पानांचे १८२० वेगवेगळे संच होतात आणि त्यांतल्या १३६२ संचांतून चोवीस निघतात. चीनमध्ये हा खेळ साध्या पत्त्यांवर खेळतात. शांघायमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट सन यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत त्याची खास छापील पानं काढली. आपल्याला त्यांची गरज नाही, घरातला जुना कॅट पुरे.

एक गोष्ट मात्र आम्हाला ठामपणे सांगायची आहे. ‘जो आधी ओरडेल त्याची पानं’ हा नियम लहान मुलांत ठेवू नका. त्यात तेच ते एक-दोघं जिंकतात आणि बाकीची विचार करणं सोडून देतात. या घरात उत्तर मिळालं तरी पानं उचलत नाहीत. दुसरी वाट सांगणाऱ्यालाही तेवढाच गुण.

[दृश्य: दुर्री, चौकी, छक्की, दश्शी.]

आतेभाऊ म्हणतो, दहा अन् सहा सोळा, चार दुणे आठ, झाले चोवीस. नात म्हणते, दहातून सहा गेले चार, चार अन् दोन सहा, सहा चोक चोवीस. धाकटा सगळ्यांत उशिरा बोलतो. दहातून चार काढा, मग दोन काढा, उरले चार. चार सख चोवीस. आधी ओरडण्याचा नियम असता, तर त्याची वाट कोणी ऐकलीच नसती.

मग पडतात दुर्री, तिर्री आणि दोन अठ्ठ्या. आरामखुर्चीतून आजोबांचा आवाज येतो, “सोळा दिडे चोवीस!”

पोरं बघतच राहतात. आजोबांच्या लहानपणी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनचा पाढा) असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत. दोन अठ्ठ्या सोळा, आणि तिर्रीला दुर्रीने भागलं की दीड. अपूर्णांक त्यांच्या जिभेवर आहेत, आणि पुढच्या डावात नेमके तेच लागतात.

[दृश्य: दोन तिर्र्या, दोन अठ्ठ्या.]

हा डाव भल्याभल्यांना अडवतो. आजोबा कागद मागतात. आठ भागिले तीन, म्हणजे दोन पूर्णांक दोन तृतीयांश. ते तिनातून वजा केले की उरतो एक तृतीयांश. आता आठाला त्याने भागायचं.

“आबाजी, भागल्यावर कमी होते ना?”

आजोबा संत्रा बर्फीचा डबा पुढे ओढतात. आठ वड्या, प्रत्येकीचे तीन तुकडे. एक तुकडा म्हणजे एक तृतीयांश. आठ वड्यांत असे तुकडे किती? धाकटा बोटाने मोजत जातो, चोवीसवर थांबतो, आणि एक तुकडा तोंडात टाकतो. नात पुन्हा पहिल्यापासून कागदावर मांडून बघते, आजोबांना हात लावू देत नाही.

[दृश्य: एक एक्का, तीन पंज्या. पानं पडद्यावर तशीच राहतात.]

हा डाव तुमच्यासाठी. व्हिडिओ इथे थांबवा. चोवीस निघतात, पण एक्क्याला आधी पंजीने भागावं लागतं.