माशांची पिल्लं आणि समुद्रातले भोवरे

आत्ता एकांनी विचारलं की मादी लाखांनी अंडी घालते, तरी एखाद्या वर्षी मासे इतके कमी कसे काय, तर आज मी त्यावरच बोलणारे.

हा प्रश्न नॉर्वेत योहान योर्ट या मत्स्यशास्त्रज्ञांना पडला होता. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या गोतातला मासा, त्याच्या खवल्यांवरून वय काढताना त्यांना दिसलं की 1904 साली जन्मलेले मासेच पुढे कित्येक वर्षं जाळ्यात येतायत, बाकीच्या वर्षांचे त्यामानाने अगदी थोडे. 1914 मध्ये त्यांनी मांडलं की निकाल पिल्लांच्या पहिल्या दिवसांतच लागतो, अंगावरचा बलक संपला आणि खाणं मिळालं नाही तर पिल्लू मेलं, नाहीतर प्रवाहाने भलतीकडे नेलं तरी गेलं.

यातली खाण्याची गोष्ट रूबेन लास्कर या संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तपासली, आणि मला हे काम फार मोलाचं वाटतं. मासा अँचोव्ही, मांदेलीच्या कुळातला. लॅबमध्ये जन्मलेली पिल्लं बोटीवर नेली आणि समुद्रातून वेगवेगळ्या खोलीवरून काढलेल्या पाण्यात सोडली. किनाऱ्याजवळ पृष्ठभागाखाली सूक्ष्म शेवाळाचा एक दाट थर होता, त्या पाण्यात पिल्लं छान खायला लागली. मग 1974 मध्ये वादळ आलं, वरचं 20 मीटर पाणी घुसळून निघालं, थर मोडला आणि त्यानंतरच्या पाण्यात पिल्लांनी जवळजवळ काहीच खाल्लं नाही. म्हणजे बघा, समुद्रात एकूण अन्न किती याने भागत नाही, ते दाट लागतं, कारण काही मिलिमीटरचं पिल्लू खाणं शोधत लांब जाऊच शकत नाही.

आता भोवरे, म्हणजे एडी. फ्लोरिडाच्या दक्षिणेला जोरदार प्रवाह वाहतो आणि त्याच्या कडेला किलोमीटरच्या किलोमीटर रुंदीचे भोवरे तयार होतात, घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरणारे, ते खालचं थंड, पोषक पाणी वर आणतात आणि पिल्लांना प्रवाहाबरोबर उत्तरेला वाहून जाऊ न देता प्रवाळांच्या आसपास ठेवतात. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो, त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात, पण रोज एक, त्यामुळे पिल्लू कुठल्या दिवशी किती वाढलं ते कळतं. 2016 मध्ये आलेल्या अभ्यासात भोवऱ्यातली पिल्लं बाहेरच्यांपेक्षा भराभर वाढलेली दिसली. आणि खरी गंमत पुढे आहे, प्रवाळावर जिवंत पोचलेल्या माशांच्या खड्यातली वाढ या भोवऱ्यातल्या पिल्लांशी जुळत होती, म्हणजे भोवऱ्याबाहेर वाढलेली बरीचशी वाटेतच संपली असणार. जे लवकर मोठं होतं ते खाणाऱ्यांच्या तोंडातून लवकर सुटतं.

आपल्याकडची तारली पावसाळ्यात अंडी घालते. तेव्हा केरळच्या बाजूला वाऱ्यामुळे खालचं पोषक पाणी वर येतं, पण तोच वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून लांबही ढकलतो, त्यामुळे वारा कमी असून चालत नाही आणि फार असूनही चालत नाही. तारली साधारण वर्षभरात मोठी होते, म्हणून यंदा कमी आली तर मागच्या पावसाळ्यातलं पाणी कसं होतं ते आधी बघायला हवं. याचा अर्थ बेसुमार मासेमारीला सूट मिळाली असा अजिबात काढू नका, मोठ्या माद्याच उरल्या नसतील तर पाणी कितीही अनुकूल असलं तरी त्यात वाढायला पिल्लं येणार कुठून?