पानाड्या आणि पोटरीतल्या नसा

[दृश्य: मिरज. सकाळ. एसटीतून उतरणारी माणसं, हातात फायलींच्या पिशव्या.]

मिरजेत सकाळच्या एसटीतून उतरणाऱ्याच्या हातात पिशवी दिसली, की तिच्यात एक्स-रे असणार असं खुशाल समजावं. १८९४ साली विल्यम वानलेस यांनी इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं. तेव्हापासून सांगलीकडचीच काय, सीमेपलीकडच्या कर्नाटकातली दुखणीही या गावाची वाट धरतात.

आज आलेत ते कवठेमहांकाळकडचे एक द्राक्षबागायतदार, पन्नाशीचे. पंचवीस वर्षं गालात तंबाखूचा बार. आता खालच्या जबड्यात कॅन्सर. गाठीबरोबर जबड्याचा मोठा तुकडा जाणार, आणि त्या जागी हाड येणार त्यांच्याच पायातून.

हे ऐकल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मग चालायचं कसं?"

गुडघ्याखाली हाडं दोन. भार पेलते ती नडगी. तिच्या बाहेरच्या अंगाला बोरूसारखं बारीक हाड असतं, फिब्युला. त्याच्यावर वजन फार थोडं. गुडघ्याजवळचं आणि घोट्याजवळचं टोक जागेवर ठेवून मधला वीसेक सेंटीमीटरचा तुकडा काढला, तरी माणूस चालतो. हे हाड रक्तवाहिनीसकट काढून मोडलेल्या नडगीत बसवल्याचं ऑस्ट्रेलियाच्या इयान टेलर यांनी १९७५ साली छापून सांगितलं. त्यातून जबडा कसा घडवला, ते अमेरिकेच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये.

रक्तवाहिनीसकट. सगळी मेख इथं आहे.

गुडघ्याखाली रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या तीन. दोन पावलापर्यंत जातात, तिसरी फिब्युलाला चिकटून उतरते. सर्जन नेतो ती तिसरी. पण काही माणसांत पहिल्या दोन जन्मतःच बारीक असतात, आणि पाऊल जगतं या तिसरीवर. वरून काही कळत नाही. पावलावर बोट ठेवलं तर ठोकाही लागू शकतो, कारण तिथवर रक्त पोचवण्याचं काम तिसरीनंच अंगावर घेतलेलं असतं. अशा पायातून ती काढली, तर जबडा मिळेल आणि पाऊल जाईल.

[दृश्य: सीटी स्कॅनची खोली. टेबल आत सरकतं.]

आधी रक्त तपासून किडनी बघतात, कारण हाताच्या शिरेतून आयोडीनचं औषध सोडायचं असतं. टेक्निशियन बजावतो, "अंगात एकदम गरम वाटेल. लघवी झाली असं वाटेल, झालेली नसते. हलू नका." औषध घोट्यापर्यंत पोचण्याची वेळ साधावी लागते. घाई केली तर धमन्या रिकाम्या दिसतात, उशीर झाला तर शिराही भरतात आणि सगळा गुंता होतो.

यंत्र पायाच्या मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ अशा शेकडो चकत्या टिपतं, संगणक त्या एकावर एक रचतो. आयोडीनमुळे रक्त हाडासारखंच पांढरं उमटतं, म्हणून हवं तेव्हा पडद्यावरून हाड पुसून टाकतात. मग उरतं ते नुसतं नसांचं झाड, कुठूनही फिरवून बघा.

त्यातला लाल रंग मात्र संगणकानं भरलेला. आम्हीही तोच चित्रित केला, दिसायला बरा म्हणून. डॉक्टर पुन्हा पुन्हा वळत होते ते करड्या चकत्यांकडे.

या बागायतदारांच्या डाव्या पायात पुढची धमनी निम्म्यावरच बारीक झालेली. उजव्या पायात तिन्ही शाबूत.

[दृश्य: उजव्या पोटरीवर मार्करच्या खुणा.]

हाडाबरोबर तोंडाच्या आतल्या अस्तरासाठी कातडीही घ्यायची असते. तिला जगवणाऱ्या बारीक फांद्या, पर्फोरेटर, धमनीतून निघून कातडीकडे येतात. त्या नेमक्या कुठं वर येतात ते स्कॅनवर मोजून पायावर मांडलं जातं. मग डॉक्टर पेनाएवढं डॉपलर यंत्र त्या जागी टेकवून ऐकतात. सूंऽ सूंऽ असा आवाज, वाहत्या रक्ताचा.

पेशंटचे भाऊ हसले. "आमच्या बोअरला पाणी दावायला पानाड्या आणला हुता, त्यो बी असाच फिरत हुता!"

डॉक्टरही हसले. फरक एवढाच, इथं कुठं ऐकायचं ते आधी चित्रानं सांगितलेलं असतं. बाकी कान लावणं चुकत नाही.

टिपूच्या लढाईत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला पुण्याकडच्या कारागिरानं कपाळाच्या कातडीचं नाक दिलं, ते वर्णन लंडनच्या मासिकात छापून आलं १७९४ साली. तेव्हा स्कॅन नव्हता. पण कातडीचा भुवयांमधला देठ त्यानं लगेच तोडला नव्हता, म्हणून रक्त चालू राहिलं. इथं देठ तोडायचा आहे, आणि मानेतल्या नसांना केसाहून बारीक दोऱ्यानं, मायक्रोस्कोपखाली, पुन्हा जोडायचा आहे.

[दृश्य: वॉर्ड. संध्याकाळ.]

पेशंट पायावरच्या खुणा न्याहाळतायत. जबडा दुखतोय, बोलणं तुटक.

"सिस्टर, आंघोळ करायची न्हाई का मग?"

"करा की काका. पण खुणा घासू नका."