अंधारात जोडलेले कडवे

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात, ईस्ट बे स्ट्रीटवर, जुन्या सिगार कारखान्याची विटांची भव्य इमारत आजही उभी आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये येथील कामगार संपावर गेले. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांची संख्या मोठी होती. हिवाळ्याच्या थंडीपावसात फाटकासमोर दिवसच्या दिवस उभे राहायचे, तर धीर टिकवायला काहीतरी हवे, आणि ते त्यांना चर्चमधून मिळालेले होते. दिवसाचा पहारा संपला की ल्युसील सिमन्स ही कामगार स्त्री पुढे 'वी शॅल ओव्हरकम' म्हणून ओळखले गेलेले एक जुने भक्तिगीत अगदी ठाय लयीत, एकेक अक्षर लांबवत म्हणू लागे आणि बाकीच्या जणी झील धरत.

मूळ गीतात 'मी' होता. एक ना एक दिवस मी तरून जाईन, असा देवावर भरवसा ठेवणाऱ्या एकट्या जिवाचा तो उद्गार होता. संपाच्या फाटकावर त्या 'मी'चे 'आम्ही' झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल हाच. कारण परलोकातील सुटकेची आस त्या एका शब्दाने याच जन्मी, सर्वांनी मिळून मिळवायच्या हक्कावर आणून ठेवली.

१९४६ मध्ये हे गीत टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल या प्रशिक्षण केंद्रात पोहोचले. कृष्णवर्णीय आणि गोरे एकाच पंगतीला बसून जेवतात, अशा जागा त्या काळी दक्षिणेत अगदी मोजक्या होत्या. जुलै १९५९ मध्ये एका रात्री पोलिसांनी तेथे छापा घातला आणि दिवे घालवले. विजेऱ्यांचे झोत खोल्याखोल्यांतून फिरू लागले, सामान उलटेपालटे होऊ लागले. अलाबामातील माँटगोमेरीहून आलेली, अवघ्या चौदा वर्षांची एक मुलगी त्या अंधारात बसली होती. पुढे जमिला जोन्स या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या मुलीने तेच गीत धरले आणि त्यात एक नवी ओळ घातली: आम्हाला भीती नाही. एकामागून एक आवाज मिसळत गेले. गायचेच असेल तर इतक्या मोठ्याने कशाला, असे एका पोलिसाने विचारले आणि तेव्हा त्याचे अंग थरथरत होते, अशी आठवण जोन्स यांनी पुढे सांगितली आहे.

एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली शहरात जमलेल्या विद्यार्थ्यांना हायलँडरचे गायक गाय कॅरवान यांनी हे गीत शिकवले. 'वी शॅल ओव्हरकम' दक्षिणेतील मोर्चामोर्चांतून घुमू लागले, ते तेव्हापासून.

१९६१ च्या अखेरीस जॉर्जियातील ऑल्बनी शहरात वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात शेकडो माणसे तुरुंगात गेली. तेथील गाण्याची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एकाने ओळ टाकायची, सभेने ती उचलायची, आणि प्रसंग पडेल तसा शब्द बदलायचा; मला कोणी माघारी फिरवू शकणार नाही, या अर्थाच्या गीतात लोक पोलीसप्रमुख प्रिचेट यांचे नाव सरळ घालत. पहिल्या मोर्चानंतर बर्नीस जॉन्सन या विद्यार्थिनीला गाण्यास सांगितले, तेव्हा 'माझ्या माथ्यावरच्या हवेत संकट दिसते' या पारंपरिक ओळीतील 'संकट' तिच्या तोंडून निघेना. तिने तेथे 'स्वातंत्र्य' म्हटले. गाण्यातील जुने शब्द आपण बदलू शकतो, हे आपल्याला त्या क्षणी उमगले, असे त्या पुढे सांगत.

मार्च १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकेच्या संसदेसमोर मतदानाच्या हक्काची बाजू मांडताना याच गीताचे शब्द उच्चारले.

महाराष्ट्रातील शाळांतून 'हम होंगे कामयाब' म्हणणाऱ्या मुलांच्या ओठी हीच चाल असते. त्यातले 'नहीं डर किसी का आज' हे कडवे टेनेसीतील त्या अंधाऱ्या खोलीतून आलेले आहे.