खडा, कोंदण आणि कामाचा हात

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात वाचनालय आणि महिला बचत गटांनी मिळून ठेवलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. कपाशीची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, तरी दुपार मोडून तुम्ही इतक्या जणी आलात, याची मला जाणीव आहे. विषय तुमच्याच गटाने दिला. लग्नसराई तोंडावर आली आहे, लेकीसुनांना खड्यांच्या बांगड्या हव्या आहेत. त्या जुन्या घडणीच्या घ्याव्या की आताच्या, आणि घेताना काय बघावं, हे सांगा म्हणालात.

माझे वडील तालुक्याच्या गावी सोनारकाम करायचे. मी त्यांच्या शेगडीशेजारी बसून वाढले आणि पुढे रत्नपरीक्षा शिकले. पण या विषयातला पहिला धडा मला पुस्तकात नाही, आमच्या दुकानाच्या पायरीवर मिळाला. जूनचा पहिला आठवडा होता. एक बाई जडावाच्या, म्हणजे आत लाख भरून वरून खडे बसवलेल्या, कंगनांची जोडी घेऊन आल्या. पेरणीला पैसे हवे होते. जोडी लग्नात घेतलेली, तेव्हा वजन चार तोळे सांगितलेलं. वडिलांनी जोडी तराजूत ठेवली, उलटसुलट पाहिली, आत लाख किती असेल, खडे किती भरतील याचा अंदाज घेतला आणि म्हणाले, सोनं सव्वादोन तोळ्यांच्या वर निघणार नाही. त्या बाई कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, असं कसं होईन? आमी त चार तोळ्याचे पैसे देल्ले होते."

विकणाऱ्याने त्यांना लाख आणि काच सोन्याच्या भावाने दिली होती. चोरी झाली ती लग्नाच्या वेळी, कळली पेरणीच्या वेळी. म्हणून जुनी असो, नवी असो, खड्यांच्या कुठल्याही बांगडीबद्दल माझा पहिला प्रश्न वजनाचा असतो. एकूण वजन वेगळं आणि निव्वळ सोनं वेगळं. दुकानात त्याला ग्रॉस आणि नेट म्हणतात. बिलावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्या: निव्वळ सोनं किती ग्रॅम, खडे कोणते आणि किती कॅरेटचे, आणि मजुरी किती. खड्याचा कॅरेट हे वजन आहे, पाच कॅरेटचा एक ग्रॅम होतो. सोन्याचा कॅरेट हा शुद्धपणा आहे. शब्द एकच असल्यामुळे इथे पुष्कळ जणी फसतात.

दुसरं, तेवढंच महत्त्वाचं. सोनं गहाण ठेवताना किंवा मोडताना खड्यांचं वजन वजा होतं. खड्याला दिलेले पैसे बहुतेक वेळा परत येत नाहीत. ज्या घरात दागिना पेरणीला बाहेर पडतो आणि पीक आल्यावर घरी येतो, त्या घराने अडीअडचणीसाठी साध्या, बिनखड्याच्या पाटल्या कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. खड्यांची जोडी घ्यायची ती घालायला, हातावर बघायला. एकाच बांगडीकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात.

आता घालण्याचं बोलू. कानातला खडा कानात शांत बसून असतो. हातातला दिवसभर काम करतो. बादलीच्या कडीवर आपटतो, पाट्यावर घासतो, पऱ्हाटीच्या काड्यांतून फिरतो. म्हणून बांगडीचा खडा निवडताना रंगाच्या आधी कठीणपणा बघायचा. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांची दहा पायऱ्यांची उतरंड लावली. वरच्या पायरीचं खनिज खालच्याला ओरखडा पाडतं. हिरा दहावर, माणिक आणि नीलम नऊवर, टोपाझ आठवर. आणि सातवर आपली गारगोटी.

हा सातचा आकडा लक्षात ठेवा. गारगोटीचे डोळ्यांना न दिसणारे कण धुळीत असतात. आपल्याकडे धूळ किती, ते मी तुम्हाला काय सांगू! बांगडी पदराने पुसली की ती धूळ खड्यावर घासली जाते. खडा सातच्या वरचा असेल तर टिकतो. खालचा असेल तर दोन-तीन वर्षांत त्याचं पाणी जातं, अंधूक होतो. मोती आणि पोवळं तिना-चाराच्या आसपास आहेत. फिरोजा पाच-सहावर. हे सगळे सणावारी घालायचे खडे. पन्ना कठीण आहे, साडेसात-आठवर, पण ठिसूळ. त्याच्यात जन्मापासूनच्या भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून तेल भरायची चाल फार जुनी आहे. गरम पाणी, सोडा असं काही लागलं की तेल निघून जातं, भेगा उघड्या पडतात आणि बाईला वाटतं खडा फुटला. रोजच्या हाताला पन्ना घेऊ नका.

गारगोटीवरून एक सांगायचं राहू नये. आपल्या काळ्या मातीत नांगर लागला की रंगीत, पट्ट्यापट्ट्यांचे दगड वर येतात, पोरं ते गोळा करतात. आपली जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकाची. त्या खडकातल्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक, गारगोटी, जास्पर तयार झाले. खडक झिजून माती झाला आणि हे दगड कठीण म्हणून उरले. नागपूरजवळ माहूरझरीला महापाषाण काळातली शिलावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोल मांडून केलेली दफनं, आहेत. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन केलं. तिथे अशा दगडांचे मणी सापडले, आणि अर्धवट घडवलेले, भोक पाडताना फुटलेलेही सापडले. म्हणजे आजपासून दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी इथे मणी घडवणारे कारागीर बसत होते. आणि गडचिरोलीतलं वैरागड एके काळी हिऱ्यांच्या खाणीसाठी ओळखलं जायचं, अकबराच्या काळच्या नोंदींत ती खाण आहे. खडे म्हणजे जयपूरची नाहीतर सुरतेची गोष्ट, आपला काय संबंध, असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला चांदीच्या कड्यात अकीक बसवून द्या. खामगावसारखं चांदीचं गाव आपल्या विदर्भात आहे. अकीक साडेसहा-सातचा, चिवट, फारसा महाग नाही. चांदीवर ९२५ चा शिक्का बघा, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. अख्ख्या दगडातून कोरलेली बांगडी मात्र फरशीवर पडली की तुकडे होतात, ती जपून वापरायची.

खडा जितका महत्त्वाचा तितकंच तो धरलाय कशाने हेही. जुन्या पद्धतीत खड्याच्या चारी बाजूंनी सोनं दाबून कोंदण करतात. आताच्या बांगड्यांत बरेचदा चार नख्यांत खडा धरलेला असतो. त्यात उजेड खालूनही येतो, खडा छान चमकतो. पण नखी बोंडात अडकते, लुगड्याच्या काठात अडकते, थोडी उचलली जाते, आणि पुढच्या धक्क्याला खडा वावरात. तो सापडत नाही. शेतात जाणाऱ्या हाताला कोंदणच पाहिजे. नवी बांगडीसुद्धा कोंदणात करून मिळते, सांगून करून घ्या. आणि काचेच्या बांगड्यांना लागून पाटली घालत असाल तर काच सोन्यापेक्षा बरीच कठीण आहे हे ध्यानात ठेवा. पाटलीची कड वर्षानुवर्षं झिजते आणि ते सोनं कुठे गेलं ते कळत नाही.

जुन्या बांगड्यांकडे येते. मला त्यांचं प्रेम आहे, ते लपवत नाही. पण एक समज मोडायला हवा. "आजेसासूच्या वेळची आहे, म्हंजे खडा खराच असन," असं मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं. फ्रान्समध्ये ऑग्युस्त व्हर्नोय याने १९०२ साली ज्योतीच्या उष्णतेने माणिक बनवायची रीत जाहीर केली, आणि थोड्याच वर्षांत असे कृत्रिम माणिक जगभर विकले जाऊ लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या जोडीतसुद्धा कारखान्यातला माणिक असू शकतो. दहापटीच्या भिंगातून त्यात वळणदार रेषा दिसतात, कधी बुडबुडे दिसतात. जमिनीतल्या माणकात रेषा असल्या तर त्या सरळ, कोनात वळलेल्या असतात. त्याच्याही आधी लोक लाल स्पिनेलला, म्हणजे माणकासारख्याच दिसणाऱ्या वेगळ्या खनिजाला, माणिकच म्हणत. इंग्लंडच्या राजमुकुटात 'ब्लॅक प्रिन्सची रूबी' म्हणून जो मोठा लाल खडा आहे, तो स्पिनेल आहे. राजे फसले, तिथे आपण फसलो तर लाजायचं कशाला? फक्त पैसे मोजायच्या आधी विचारायचं.

जडावाच्या जुन्या बांगडीत खड्याच्या मागे चकचकीत पातळ पत्रा लावलेला असतो, कधी रंग दिलेला. उजेड त्याच्यावरून परत येतो आणि फिका खडाही गडद दिसतो. ही फसवणूक नाही, ती त्या कारागिरीची रीतच आहे. पण आत पाणी शिरलं की तो पत्रा काळा पडतो आणि वरून खडा मेल्यासारखा दिसतो. तेव्हा अशी बांगडी धुवायची नाही, रिठ्याच्या पाण्यातसुद्धा नाही. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसायची. आत भरलेली लाख म्हणजे पळसावर, कुसुमावर, बोरीवर किड्याने केलेली लाख, आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे निघते तीच. ती उष्णतेने मऊ होते. मे महिन्यात बंद मोटारीत समोरच्या काचेखाली अशी बांगडी राहिली तर खडे हलायला वेळ लागत नाही.

जुनी जोडी विकत घेताना कानाजवळ धरून हळूच हलवा. आत खुळखुळ वाजलं तर लाख सुटली आहे. पेच असेल तर फिरकी चारदा काढून-लावून बघा, आटे झिजलेले असतात आणि बांगडी चालता चालता गळून पडते. सगळे खडे एका रंगाचे आहेत का? एखादा वेगळा दिसला तर तो नंतर बसवलेला. त्यासाठी बांगडी नाकारू नका, भाव कमी करून घ्या.

आणि घरची जुनी जोडी मोडायला काढलीत तर कृपा करून माझं एक ऐका. नव्या फॅशनची करायची म्हणून बायका जोडी टाकतात, सराफ ती तोडतो, सोनं वितळतं, आणि खडे बिनकामाचे म्हणून कुठेतरी जातात. ते आपल्यासमोर काढायला सांगा आणि पुडीत बांधून घरी आणा. मोडायच्या आधी रत्नपरीक्षा येणाऱ्या एखाद्याला दाखवा. खडा काचेचा निघाला तरी हाताने दाबलेलं ते कोंदण आज त्या मजुरीत कोणी करून देणार नाही. सोन्याचा भाव रोज छापून येतो, त्या कोंदणाचा भाव कुठेच छापत नाहीत. म्हणून ते आधी मरतं.

नव्या बांगड्यांचं थोडक्यात, कारण दुकानदार तुम्हाला त्यांच्याबद्दल सांगतोच. साधारण २००४ पासून बाजारात शिशाची काच भरलेले माणिक फार आले. भेगाळलेला, जवळजवळ टाकाऊ माणिक घेऊन त्याच्या भेगांत काच भरतात आणि तो लालभडक दिसतो. लिंबू किंवा चिंच लागली की ती काच खाल्ली जाते, आणि आपण तर पितळ, चांदी सगळं चिंचेनेच घासतो. सोनाराची ज्योत लागली तरी खडा बिघडतो. म्हणून माणिक घेताना "काच भरलेला नाही" हे बिलावर लिहून मागा. लिहायला का-कू केली की उठायचं.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा खरा हिराच असतो, तोच कार्बन, कठीणपणा तोच दहा. दुकानातलं छोटं यंत्रही त्याला हिराच म्हणतं. फरक किमतीत आहे, आणि मोडताना तो फारच जाणवतो. अमेरिकन डायमंड म्हणजे झिर्कोनिया, हिऱ्याशी त्याचं नातं नाही, पण तसं सांगून, त्या भावाने विकला तर त्याच्यातही वाईट काही नाही.

हॉलमार्कचं, म्हणजे सोन्याच्या शुद्धपणाच्या शिक्क्याचं, सगळ्यांनी ऐकलं आहे. १ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवा. बावीस कॅरेटला ९१६, अठराला ७५०. मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून बघता येतो. पण जे तुम्हाला कोणी सांगत नाही ते ऐका: कुंदन (शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा दाबून खडे बसवलेले), पोलकी (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचे) आणि जडावाच्या दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे ज्या बांगडीत लाख लपते, खडे लपतात, तिच्यावरच शिक्का असायची सक्ती नाही. तिथे तुमचा आधार म्हणजे ते बिल.

मापाबद्दल एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ म्हणजे आतला व्यास, दोन इंच आणि वर तितके आणे. रुपयाचे जसे सोळा आणे, तसे इंचाचे सोळा. दोन-आठ म्हणजे अडीच इंच. माप सकाळी थंडीत देऊ नका. दुपारी, हात कामाने तापलेला असताना द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात हात सुजतो आणि खड्यांची बांगडी काचेसारखी वाढवून मोकळं होता येत नाही.

दुसरी चिठ्ठी: "सुनेला नवी हवी, मला माझी जुनी द्यायची आहे, काय करू?" ताई, जुनी तशीच ठेवा. पेच नवा बसवून घ्या, सुटलेली लाख भरून घ्या, आणि सुनेच्या मापाची होत नसेल तर मधोमध कापून वाढवू नका, खडे हलतात. पेचाशेजारी सोन्याचा लहान तुकडा जोडून माप वाढवता येतं. चांगला कारागीर ते आधी खडे झाकून, ज्योत लांब ठेवून करतो. मग ती सुनेच्या हातात घालून बघा. नवी हवी असं ती अजूनही म्हणाली, तर तिच्या मनाप्रमाणे घ्या आणि जुनी नातीसाठी राहू द्या.

मागच्या ओळीतल्या आजींनी रुमालात बांधून जोडी आणली आहे, मघापासून त्यांच्या मुठीत आहे. आजी, इथे ट्यूबलाइटखाली नको, रंग खरा दिसत नाही. त्या उत्तरेच्या खिडकीपाशी या. माझं भिंग सोबत आहे. बाकीच्यांनीही या, पण उजेड अडवू नका.